लग्नाच्या लेन्सने मृगातला तेजोमेघ : धनजच्या अंधारात कॅमेऱ्याची सेटिंग काय ठेवायची?

धनज (ता. कारंजा) : रब्बीच्या दिवसांत रात्रपाळीची लाईन आली की हरभऱ्याच्या, गव्हाच्या ओलितासाठी माणसं वावरात जातात. मोटार सुरू करून धुऱ्यावर टेकलं की डोक्यावर एक ओळखीचं नक्षत्र दिसतं, मृग. जूनमध्ये ज्याच्या नावाने पेरणीची वाट पाहिली जाते तेच हे. जूनमध्ये सूर्यच मृगात असतो, म्हणून तेव्हा ते रात्री दिसत नाही. थंडीत मात्र ते रात्रीच्या आकाशात ठळक असतं. या मृगाच्या पोटातल्या बाणाखाली एक पुसट ठिपका आहे. तो तारा नाही. तो वायू आणि धुळीचा प्रचंड ढग आहे आणि त्यात नवे तारे जन्माला येत आहेत. मराठीत त्याला तेजोमेघ म्हणतात.

या तेजोमेघाचा फोटो काढायला लाखभराची दुर्बीण लागते, असा समज आहे. प्रत्यक्षात तालुक्यातल्या कोणत्याही लग्नाच्या फोटोग्राफरकडे असते ती लेन्स या कामाला पुरते. फक्त मांडवातली सेटिंग वावरात चालत नाही. लग्नात हलतो तो माणूस, इथे हलतं ते अख्खं आकाश. हा एक फरक लक्षात आला की बाकीच्या सेटिंगची कारणं आपोआप कळतात.

आधी ठिपका कुठे आहे ते पाहा

मृगाचे चार पाय म्हणजे चौकोनात बसलेले चार ठळक तारे. त्यांच्या मधोमध एका रेषेत तीन तारे, तो बाण. बाणाच्या दक्षिणेला आणखी तीन फिकट ठिपके उभे दिसतात. त्यातला मधला म्हणजे मृगातला तेजोमेघ. खगोलाच्या यादीत त्याचा क्रमांक एम ४२ आहे. तो सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज रात्री कॅमेऱ्यात शिरणारा उजेड बदामीच्या चालुक्यांच्या काळात तिकडून निघालेला आहे.

डिसेंबरच्या मध्यात हा ठिपका मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात उंच येतो, जानेवारीच्या मध्यात रात्री दहाच्या आणि फेब्रुवारीच्या मध्यात आठच्या सुमारास. वाशीम जिल्ह्यातून तेव्हा तो दक्षिणेला क्षितिजापासून जवळपास ६४ अंश वर असतो. उंच असेल तितकी मधली धूळ आणि धुकं कमी, म्हणून फोटो याच वेळेच्या आसपास घ्यावा.

लेन्स कोणती?

आकाशातली मापं अंशांत मोजतात. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश रुंद दिसतो. एम ४२ फिकट कडांसह एक अंशाहून थोडा मोठा आहे, म्हणजे दोन चंद्र शेजारी ठेवल्याइतका. तेजोमेघ लहान असल्याने दिसत नाही असं नाही, तो फिकट असल्याने दिसत नाही. त्यामुळे फार मोठ्या झूमची गरज पडत नाही.

नेहमीच्या एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर कोणती लेन्स काय दाखवते, ते असं :

१८ मिमी (किट लेन्सचं रुंद टोक) : झाड, वावर आणि वर आकाश. तेजोमेघ नुसता ठिपका.

५० मिमी : अख्खं मृग चौकटीत बसतं. तेजोमेघ छोटा, पण गुलाबी डाग म्हणून ओळखू येतो.

२०० मिमी : चौकट साधारण पावणेसात अंश रुंद. तेजोमेघ रुंदीचा सातवा हिस्सा व्यापतो, पंखासारखा आकार दिसू लागतो.

३०० मिमी : आणखी मोठा, पण तारा पळण्याची अडचणही तेवढीच वाढते.

पहिल्या रात्री ५० मिमीने सुरुवात करणं शहाणपणाचं. चुका झाल्या तरी फोटो हाती लागतो. ही लेन्स अनेकांकडे असते आणि नवी घेतली तरी साधारण दहा हजारांच्या घरात मिळते. हात बसला की ७०-२०० किंवा ७०-३०० लावावी आणि २०० वर ठेवावी.

छिद्र किती उघडायचं?

लेन्सच्या छिद्राचा आकडा म्हणजे एफ नंबर. आकडा लहान तितकं छिद्र मोठं. एफ/५.६ ऐवजी एफ/२.८ ठेवलं की सेन्सरवर चौपट उजेड पडतो. तेजोमेघासारख्या पसरट, फिकट वस्तूसाठी हा आकडा झूमपेक्षा महत्त्वाचा आहे.

मग ५० मिमीची लेन्स सरळ एफ/१.८ वर का ठेवू नये? कारण पूर्ण उघड्या छिद्रावर बहुतेक स्वस्त लेन्सा कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फोडतात. नवरीच्या चेहऱ्यामागची लायटिंग धूसर करायला ती लेन्स पूर्ण उघडतात, तिथे कोपऱ्याकडे कोणी पाहत नाही. आकाशात मात्र प्रत्येक कोपऱ्यात टिपूर तारा असतो आणि दोष लगेच दिसतो. म्हणून एफ/१.८ ची लेन्स एफ/२.५ ते २.८ वर आणावी. ७०-२०० ची एफ/२.८ लेन्स चांगल्या दर्जाची असेल तर पूर्ण उघडी चालते. ७०-३०० किंवा किट लेन्स मुळातच एफ/५ किंवा ५.६ ची असते. ती आहे तशी पूर्ण उघडी ठेवावी आणि उजेडाची कमी जास्त फोटो काढून भरून काढावी.

सेकंद किती?

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. रात्र आहे म्हणून शटर ३० सेकंद उघडं ठेवलं जातं आणि प्रत्येक ताऱ्याची रेघ होते. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश दर तासाला १५ अंश सरकतं. उघड्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण लांब लेन्सला लगेच जाणवतं.

जुन्या फोटोग्राफरांमध्ये ‘पाचशेचा नियम’ चालतो. ५०० ला लेन्सच्या मिमीने भागायचं, एपीएस-सी असेल तर पुन्हा दीडने भागायचं, येतील तेवढे सेकंद. हा नियम रिळाच्या काळातला आहे. आजचा सेन्सर इतका बारीक आहे की या हिशेबाने तारे लांबट होतात. त्यापेक्षा सोपा आणि कडक हिशेब ठेवावा. एपीएस-सी कॅमेरा असेल तर २०० ला भागा, फुल फ्रेम असेल तर ३०० ला.

एपीएस-सी वर ५० मिमी : ४ सेकंद
एपीएस-सी वर १३५ मिमी : दीड सेकंद
एपीएस-सी वर २०० मिमी : १ सेकंद
फुल फ्रेमवर ५० मिमी : ६ सेकंद
फुल फ्रेमवर २०० मिमी : दीड सेकंद

पहिला फोटो काढून स्क्रीनवर पूर्ण मोठा करून पाहावा. तारा गोल असेल तर ठीक, तांदळाच्या दाण्यासारखा लांबट असेल तर वेळ निम्मी करावी.

आयएसओ म्हणजे जादा उजेड नव्हे

आयएसओ वाढवला की फोटो उजळ दिसतो, पण लेन्समधून येणारा उजेड तेवढाच राहतो. आलेला सिग्नल फक्त वाढवून दाखवला जातो. रेडिओचा आवाज वाढवला म्हणून स्टेशन स्पष्ट होत नाही, खरखरही वाढते, तसंच. ४ सेकंदांच्या फोटोला १६०० आणि १ सेकंदाच्या फोटोला ३२०० आयएसओ ठेवून सुरुवात करावी. त्याहून वर गेल्यास ठळक ताऱ्यांचे रंग उडतात आणि तेजोमेघाचा मधला भाग पांढरा फटक होतो.

आकडा बरोबर आहे का, हे स्क्रीनच्या चकाकीवरून ठरवू नये. अंधारात स्क्रीन नेहमीच झगझगीत वाटते. त्याऐवजी हिस्टोग्राम पाहावा. त्याची टेकडी डाव्या भिंतीपासून जराशी सुटलेली असावी. भिंतीला चिकटली असेल तर फिकट उजेड वाया जातोय, आणि मध्याच्या पुढे गेली असेल तर आकाशच उजळून निघतंय.

फोकस : इथे घाई नको

बाकी सगळं बरोबर असून फोकस हुकला तर अख्खी रात्र वाया जाते. ऑटोफोकस काळ्या आकाशात काम करत नाही. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवरही विसंबू नये, ती खूण बऱ्याच लेन्सवर थोडी पुढे-मागे असते.

पद्धत साधी आहे. मृगाच्या आग्नेयेला व्याधाचा तारा असतो, रात्रीच्या आकाशातला सर्वात तेजस्वी तारा. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकायची, लाइव्ह व्ह्यू सुरू करायचा, व्याध चौकटीच्या मधे आणायचा आणि दहापट मोठा करायचा. मग रिंग अगदी हळू फिरवायची. तारा फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो. जिथे तो सर्वात बारीक होतो तिथे थांबायचं आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाकायची. तासाभराने गारवा वाढला की लेन्स आकसते, तेव्हा पुन्हा एकदा तपासावं. झूम लेन्स असेल तर झूमच्या रिंगलाही चिकटपट्टी हवी. कॅमेरा वर रोखला की झूम आपोआप घसरतं.

लेन्समधली कंपन रोखणारी यंत्रणा बंद ठेवावी. ट्रायपॉडवर ती उलट चित्र हलवते. कॅमेऱ्यातला ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ हा पर्यायही बंद ठेवावा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडून बसतो. फोटो जेपेगमध्ये नव्हे, रॉमध्ये घ्यावेत. बटण हाताने न दाबता दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरावा. ट्रायपॉड हलका असेल तर मधल्या हुकाला दगडांची पिशवी अडकवावी.

एक फोटो नव्हे, तीनशे

एका सेकंदाच्या एका फोटोत फार काही दिसणार नाही. खरी गंमत बेरजेत आहे. एकाच जागेचे अनेक फोटो एकावर एक रचले की तेजोमेघाचा उजेड पक्का होतो आणि खरखर, जी प्रत्येक फोटोत वेगळी असते, ती विरत जाते. हिशेब वर्गमुळाचा आहे. १०० फोटो रचले तर चित्र दहापट साफ, ३०० रचले तर सतरापट. लग्नात एका दिवसात हजार-दोन हजार क्लिक सहज होतात, त्यापुढे ३०० ही संख्या काहीच नाही.

२०० मिमीवर दर पाच मिनिटांनी तेजोमेघ सव्वा अंश सरकलेला असतो. म्हणून अधूनमधून कॅमेरा पुन्हा मधे आणावा. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच आयएसओवर, तेवढ्याच सेकंदांचे २०-३० काळे फोटो घ्यावेत. त्यात सेन्सरचे स्वतःचे गरम ठिपके पकडले जातात आणि रचताना ते वजा करता येतात. रचण्याचं काम डीपस्कायस्टॅकर, सिक्वेटर किंवा सिरिल यातलं कोणतंही सॉफ्टवेअर करतं. तिन्ही मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात.

आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं ट्रॅकर नावाचं यंत्र मिळतं. त्यावर एक-दोन मिनिटांचे फोटो निघतात. पण ते हजारो रुपयांचं आहे. पहिले तीनशे फोटो रचून पाहण्याआधी त्यासाठी पैसे घालू नयेत, कर्ज काढून तर नाहीच.

फोटो लाल का येत नाही?

इंटरनेटवरचे तेजोमेघ लालभडक असतात, आपला फिकट गुलाबी का? तेजोमेघातला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरच्या गडद लाल रंगात चमकतो. नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर एक काच असते. माणसांच्या चेहऱ्याचे रंग बरोबर यावेत म्हणून ती हा लाल उजेड बराचसा अडवते. लग्नासाठी ते योग्यच आहे. खगोल छायाचित्रकार ही काच काढून घेतात, पण मग तो कॅमेरा लग्नाच्या कामाला नीट राहत नाही. पोटापाण्याच्या कॅमेऱ्यावर हा प्रयोग करू नये. एम ४२ इतका तेजस्वी आहे की काच असूनही तो उमटतो.

या तेजोमेघात एक हिरवी छटाही आहे आणि तिच्याशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला. शटर ५१ मिनिटं उघडं होतं. त्यानंतर काही वर्षांतच पुण्यात, सायन्स कॉलेजच्या आवारात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिथे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी दुर्बिणीतून याच तेजोमेघाचा वर्णपट तपासला. त्यातली मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची आहे, असं इंग्लंडचे नामवंत शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर म्हणत होते. पुण्यातून पाहता ती रेषा बारीक आणि धारदार दिसली, मॅग्नेशियमच्या पसरट पट्ट्यासारखी नव्हे. हा निष्कर्ष १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ती रेषा ऑक्सिजनची आहे, हे पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडलं. त्या काळी ज्या फोटोसाठी वेधशाळा लागायची, तो आज धुऱ्यावर ट्रायपॉड रोवून निघतो.

खरी मोठी सेटिंग : अंधार

वरचे सगळे आकडे बरोबर ठेवून शहरातल्या गच्चीवरून फोटो काढला तरी तेजोमेघाच्या फिकट कडा येत नाहीत. आकाशच उजळलेलं असतं. त्यावर कोणतीही लेन्स उपाय नाही. धनजसारख्या गावांचा फायदा इथे आहे. अमरावतीचा उजेड उत्तरेच्या क्षितिजावर राहतो आणि मृग दक्षिणेकडे उंच असतं. गावाबाहेर वावरात गेलं की समोर काळं आकाश.

चंद्राचा हिशेब घरातल्या कॅलेंडरवर मिळतो. वद्य दशमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंतच्या रात्री या कामाला उत्तम. पौर्णिमेच्या आसपास कॅमेरा घरीच ठेवावा.

या अंधाराची किंमत आता सरकारदरबारीही कळू लागली आहे. आपल्याच विदर्भातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. तिथे त्यासाठी दिवे बदलावे लागले, त्यांचा उजेड जमिनीकडे वळवावा लागला. वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यांत हा अंधार आज फुकट आहे. पण चौकाचौकांत हायमास्ट उभे राहताहेत, पांढरे एलईडी वर आकाशाकडे उजेड फेकताहेत आणि कारंजा तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेला आहे. दिवे नकोत, असं कोणी म्हणणार नाही. रात्री बाईबापड्यांना रस्त्यावर उजेड हवाच. पण दिव्यावर टोपी असली आणि उजेड खाली पडला तर रस्ताही नीट दिसतो, वीजही वाचते आणि आकाशही राहतं. दिवे बसवताना ग्रामपंचायतीने एवढं पाहिलं तरी पुरे.

वावरात जाताना

एकट्याने जाऊ नये. घरी सांगून, शेतमालकाला विचारून जावं, नाहीतर रात्री बॅटरी घेऊन फिरणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जातं. रानडुकरं, साप, उघड्या विहिरी आणि ओलिताच्या वायरी यांचं भान ठेवावं. जागा दिवसाच पाहून यावी. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय रात्री पाय ठेवू नये. ओलित सुरू असलेल्या वावराजवळ लेन्सवर दव लवकर जमतं, म्हणून कोरड्या पडीक जागेत ट्रायपॉड लावावा. लेन्सला हूड असावा, पुसायला स्वच्छ सुती कापड असावं. थंडीत बॅटरी लवकर उतरते, दुसरी बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावी. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात. तोवर मोबाइल बंद.

थोडक्यात सेटिंग (एपीएस-सी कॅमेरा)

५० मिमी : मॅन्युअल मोड, एफ/२.८, ४ सेकंद, आयएसओ १६००, १०० फोटो.
२०० मिमी : मॅन्युअल मोड, एफ/२.८ (किंवा लेन्सचं सर्वात मोठं छिद्र), १ सेकंद, आयएसओ ३२००, ३०० फोटो. छिद्र एफ/५.६ असेल तर शक्य तितके जास्त.
दोन्हीसाठी : रॉ, मॅन्युअल फोकस व्याधावर, व्हाइट बॅलन्स डेलाइट, कंपनरोधक बंद, टायमर सुरू.

मृग फेब्रुवारीअखेरपर्यंत संध्याकाळी डोक्यावर मिळतं. मार्चनंतर ते पश्चिमेला उतरत जातं. एप्रिलमध्ये पहाटे चार-पाचच्या सुमारास दक्षिणेला धनु राशीतला एम ८ हा दुसरा मोठा तेजोमेघ उंच येतो, त्यालाही हीच सेटिंग चालते. लग्नसराईची घाई सुरू होण्याआधी एखादी अमावस्या मोकळी सापडली, तर लेन्स एकदा मांडवाऐवजी आकाशाकडे वळवून पाहायला हरकत नाही. पहिला फोटो बहुतेक बिघडेल. तिसऱ्या-चौथ्या रात्री तीनशे फोटो रचले गेले की स्क्रीनवर गुलाबी पंख उमटतील. मग धुऱ्यावर बसून वर्षानुवर्षं पाहिलेला तो पुसट ठिपका नेमका काय होता, हे घरातल्या पोरांनाही दाखवता येईल.